धुळाक्षरांचा प्रवास

१८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेपासून गार्डन रीचच्या कचेऱ्यांशी मराठी माणसाचे नाते जडले. नागपूर विभाग २००३ मध्ये बिलासपूरकडे गेला, तरी बदलीचे हुकूम घेऊन येणारी कुटुंबे संपली नाहीत. अशाच काही घरांतील मुलांसाठी आम्ही दर रविवारी एका स्नेह्यांच्या व्हरांड्यात मराठीचा वर्ग भरवतो. तेथे 'ळ' या अक्षरापाशी आमची विद्या संपली. बंगालीत हा वर्ण नाही. इथेच वाढलेली मुले 'बाळ'ला 'बाल' म्हणत. आम्ही दहादा उच्चार करून दाखविला. अखेर सहावीतील एका मुलीने एका धाकट्या मुलाला जवळ घेतले, जिभेचा शेंडा मागे कसा वळवावयाचा हे तोंड उघडून दाखविले आणि दोन रविवारांत काम फत्ते केले. तीनच वर्षांपूर्वी ती स्वतः याच ठिकाणी अडली होती. आम्ही कधी अडलोच नव्हतो.

तेव्हा आम्हांस पंतोजींच्या शाळेचे स्मरण झाले. एक पंतोजी, नाना इयत्तांची मुले. साहजिकच धाकट्याचे बोट धरून धूळपाटीवर अक्षर गिरविण्याचे आणि पाढे सांगण्याचे काम वडील विद्यार्थ्याकडे येई. (या शाळेची दारे सर्वांस उघडी नव्हती, मुलींस तर नव्हतीच, हेही विसरता येत नाही.) ही रीत केवळ महाराष्ट्राची नव्हे. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशास कर्नाटकात इक्केरी येथे देवळाच्या ओसरीत चार मुले वाळूवर लिहीत, सुरात धडा म्हणत असलेली दिसली. गुरुजी नव्हते. चुकलात तर सुधारतो कोण, असे त्याने विचारले. चौघेही एकाच जागी एकदम कसे चुकतील, असे त्यांचे उत्तर होते!

पुढे १७८९ मध्ये मद्रासेच्या एग्मोर येथील सैनिकी अनाथालयावर अँड्र्यू बेल हा पाद्री नेमला गेला. देशी शाळेत वाळूवर लिहिणारी मुले पाहून त्याने आपल्या दुय्यम शिक्षकांस तसेच शिकविण्यास सांगितले. त्यांनी टाळाटाळ केली. तेव्हा त्याने मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या शिपायाच्या मुलावर सोपविला, आणि मोठ्यांस न जमलेले त्या पोराने करून दाखविले. बेलने १७९७ मध्ये लंडनला याचा वृत्तान्त छापला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर याने तेथे अशीच शाळा काढली व एका मास्तरावर हजार मुले शिकविता येतात असा डंका पिटला. स्वस्ताई सरकारला व धर्मादाय मंडळ्यांना आवडली. पण हजारांच्या त्या कवायतीत वडील मुलगा हा हवालदार झाला. चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविण्यापर्यंत मजल गेली. फ्रिस्केनची गोडी त्यात कोठून राहणार?

गंमत अशी की आपलीच रीत विलायती पोशाखात परत आली. १८१४ मध्ये हुगळीकाठच्या चुंचुड्यास रॉबर्ट मे या मिशनऱ्याने शाळा काढल्या त्या या पद्धतीच्या. १८२० नंतर मुंबईच्या शाळामंडळीनेही लँकेस्टरचे अनुकरण केले. ज्या गावांतून पंतोजींच्या ओसऱ्या होत्या, तेथे ती 'नवी' म्हणून पोचली.

आमच्या वर्गातील त्या मुलीच्या वडिलांची यंदा चक्रधरपूरला बदली झाली. आता कसे, या काळजीत आम्ही पुढच्या रविवारी जरा उशिराच पोचलो. तो धाकटा मुलगा नव्याने आलेल्या एका पोरीसमोर आ वासून बसला होता आणि बोटाने तिला आपली जीभ दाखवीत होता.