आसईची किंमत आणि बऱ्हाणपूर

फेब्रुवारी १८०७ मध्ये पूर्व प्रशियातील आयलाऊ येथे नेपोलियनचे व रशियाचे सैन्य हिमवादळात भिडले. हजारो माणसे बर्फात पडली, तरी निर्णय कोणाच्याच बाजूने लागला नाही. ते वर्णन आम्ही आवडीने वाचतो. मात्र त्याआधी सुमारे तीन वर्षांपूर्वी आपल्याच दाराशी आलेला हिवाळा आम्हां बऱ्हाणपूरकरांना क्वचितच आठवतो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आसई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्लीने हल्ला चढविला. त्याला विजय मिळाला, पण त्याच्याकडील १,५८४ माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी त्यांच्या पाठीवर तोफा फिरविल्या.

पराभूत कंपूंचे अवशेष नर्मदेकडे निघून गेले व बऱ्हाणपूर उघडे पडले. कर्नल स्टीव्हन्सनने १६ ऑक्टोबरला शहर घेतले; २१ ऑक्टोबरला असीरगडही शरण आला. सरकारी कागद हाताळण्यात आमची हयात गेली, म्हणून आम्ही जाणतो की अशा घटनेची नोंद 'विनाप्रतिकार' या एकाच शब्दात आटोपते. त्या शब्दाने आमच्या शहराची मान खाली जाते, असे आम्हांस पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ज्यांनी हे शहर राखायचे, ते आसईच्या रानात आधीच पडले होते.

पुढे २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. डिसेंबरच्या थंडीत सातपुड्याच्या कड्यांतून जड तोफा ओढून नेण्यात आल्या आणि १५ तारखेला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगाव तहाने बऱ्हाणपूर व असीरगड शिंद्यांना परत मिळाले. मोबदल्यात गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर गेले. असीरगडही १८१९ मध्ये कायमचा इंग्रजांच्या हाती गेला.

आमच्यांतील काही घराणी शिंदेशाहीशी आपले नाते अभिमानाने सांगतात. ते सांगताना सरदारांच्या नावांसोबत त्या निनावी गोलंदाजांचेही स्मरण व्हावे. त्यांत परप्रांतीय पुष्कळ होते, मराठी न बोलणारेही होते. तरी मराठी दौलतीची ती किंमत त्यांनीच चुकविली. असीरगडाची सहल काढताना मुलांना एवढे जरी सांगितले, तरी आमच्यावरचे ऋण थोडे हलके होईल.