नानाचा अंगठा : दगड, दंतकथा आणि आकडे

ठाणे जिल्ह्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढू लागलो, की सह्याद्रीच्या कड्याचे एक उभे टोक सतत समोर दिसते. हाच नानाचा अंगठा. नाना आणि गुणा या दोघा भावांनी घाट खोदण्याची पैज लावली, त्यात नाना जिंकला, अशी कथा या भागात सांगतात. आमच्याबरोबरच्या नववीतल्या मुलांनी लगेच विचारले, "मग अंगठाही नानानेच केला का?"

उत्तर कड्यातच होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा बेसाल्ट तयार झाला. पुढे पावसापाण्याने भेगांमधून खडक झिजला. जो टिकला तो अंगठ्यासारखा उभा राहिला. वाटेवरच्या पायऱ्या मात्र माणसाच्या हातच्या. कोकणातली बंदरे आणि जुन्नर यांच्यातला व्यापार या वाटेने चाले.

घाटमाथ्याजवळच्या गुहेत आम्ही बराच वेळ थांबलो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ साली साईक्स यांना तो आढळला. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांची त्यात मोजदाद आहे. त्यामुळेच तो गणिताच्या शिक्षकांनाही मोलाचा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली यातील अंकांवर निबंध लिहिला. या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. २४,४०० लिहायचे तर २०,०००, ४,००० आणि ४०० यांची चिन्हे शेजारी शेजारी मांडायची.

बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे प्रत्येकजण सांगतो. मुलांना आम्ही विचारले, "लेखात तसे आहे का?" लेखात जकातीचा उल्लेख नाही. तेव्हा ही गोष्ट शक्य आहे, पण सिद्ध नाही, असे मुलांनीच वहीत लिहिले.

लेखाची अक्षरे झिजली आहेत. मागच्या भिंतीवरच्या राजघराण्यातील मूर्तींची तर केवळ पावले उरली आहेत. म्हणून सहलीआधी वर्गात दोन गोष्टी कराव्यात. भिंतीला हात लावायचा नाही हे सांगावे, आणि २४,४०० ही संख्या शून्याशिवाय लिहायला लावावी.