झाडांमधून चालणारा ट्रॅक्टर : लहान बागेसाठी जुना ट्रॅक्टर कसा निवडावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन-चार एकरांची बाग असलेला माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला की दोनच गोष्टी विचारतो : किती एचपी, आणि कितीला. दोन्हींची उत्तरे लागतात, पण ती शेवटी. झाडे, उतार आणि दगड असलेल्या लहान जागेत कोणता ट्रॅक्टर चालेल हे आधी जागा ठरवते, मग काम, मग यंत्राची प्रकृती आणि सगळ्यांत शेवटी किंमत. हा क्रम उलटा झाला की स्वस्तात आणलेला ट्रॅक्टर मांगरात उभा राहतो आणि गवत काढायला पुन्हा माणसेच शोधावी लागतात. पुढे हाच क्रम पायरीपायरीने मांडला आहे. उदाहरण म्हणून आंबा, काजू, थोडी नारळी आणि कडेला आईन-किंजळीचे रान अशी चार एकरांची उताराची बाग घेतली आहे.

१. जागा

कोकणात हापूस साधारण १० × १० मीटरवर आणि काजू ७ × ७ मीटरवर लावतात. कागदावर सात मीटरच्या ओळीतून कोणताही ट्रॅक्टर जाईल. पण काजूचे झाड बुंध्यापासून आडवे पसरते. दहा-बारा वर्षांत शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडतात आणि मोकळी वाट बुंध्यांमधल्या अंतराच्या निम्मीही उरत नाही. म्हणून मोजमाप दोन उंचींवर घ्यायचे : एक चाकांच्या पातळीवर, दुसरे चालकाच्या डोक्याच्या पातळीवर.

मी हे काम बांबूच्या काठीने करतो. मनात असलेल्या ट्रॅक्टरच्या रुंदीत दोन्ही बाजूंना एकेक वीत धरायची, तेवढी काठी तोडायची आणि ती आडवी धरून सगळी बाग फिरायची. गडग्यातल्या बेड्यापासून सुरुवात करायची, कारण निम्मे ट्रॅक्टर तिथेच अडतात. मग पाणंद, वहाळाचे उतरण, मांगराची कड, आणि जिथे ट्रॅक्टर वळवावा लागेल त्या जागा. जिथे काठी अडते तिथे चुन्याची खूण करायची. खुणा तीन-चार असतील तर फांद्या छाटून किंवा गडग्याचे चार चिरे हलवून काम भागते. पंधरा-वीस असतील तर तो ट्रॅक्टर त्या बागेचा नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो.

याच फेरीत जमीनही पाहायची. सड्यावर जांभा उघडा पडलेला असतो आणि जुन्या तोडीची खुंटे गवतात लपलेली असतात. अशा ठिकाणी इंजिनाच्या चेंबरची जमिनीपासूनची उंची आणि टायरची जाडी या गोष्टी एचपीपेक्षा मोलाच्या ठरतात. धुराडे बॉनेटवर उभे असेल तर फांदीत अडकते. ते खालून काढलेले असलेले बरे.

२. काम

दुसरी पायरी म्हणजे वर्षाचे तास मोजणे. आपल्या उदाहरणात पाऊस संपताना एकदा आणि काजू गळायला लागण्याआधी एकदा गवत कापायचे आहे. एकराला दोन तास धरले तर १६ तास. मोहोर आल्यापासून सहा फवारण्या, प्रत्येकी चार तास, म्हणजे २४. शेणखत, लाकूड, चिरे, काजूची पोती यांची वाहतूक २५ तास. किरकोळ १० तास. बेरीज ७५.

यातली नांगरणी किती? जवळजवळ शून्य. मैदानातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरची ओढ लागते. बागायतदाराला लागतो तो पीटीओ, म्हणजे मागे फिरणारा दांडा. त्यावर फवारणीचा पंप चालतो, गवत कापणारा स्लॅशर चालतो. बहुतेक अवजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेली असतात. इंजिनाची सगळी ताकद पीटीओवर पोहोचत नाही. साधारण ८५ टक्के धरावी. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर चार ते पाच एचपी लागतात. म्हणजे १८ एचपीच्या इंजिनावर तीन फुटी स्लॅशर निवांत चालतो आणि चार फुटी चालवायचा तर २४ एचपीच्या आसपास जावे लागते. लहान बागेला लागणारी ताकद या हिशेबाने १५ ते २८ एचपीच्या पट्ट्यात येते.

या पट्ट्यात जुन्या बाजारात महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे एका सिलिंडरचे, सुमारे १५ एचपीचे ट्रॅक्टर दिसतात. व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० तीन सिलिंडरचा आहे, त्यामुळे कमी थरथरतो. कुबोटाचा बी२४४१ आणि महिंद्राचा जीवो २४५ हे २४ एचपीचे, चारही चाकांना ओढ असलेले. पावसाळ्यानंतर कुजक्या पाल्यावर मागची दोनच चाके फिरवणारा ट्रॅक्टर चढणीला जागच्या जागी घसरतो. चार चाकांचा जोर चढताना उपयोगी पडतोच, आणि उतरताना इंजिनाचा अटकाव पुढच्या चाकांनाही मिळतो. दहा फुटांत दोन फुटांचा चढ असलेल्या बागेत या सोयीसाठी जादा पैसे मोजावेत.

३. उतार

आता बागेतला खरा पेच. झाडांमधून जायला ट्रॅक्टर अरुंद हवा आणि उतारावर उभा राहायला रुंद हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, म्हणून त्यांचा हिशेब आकड्यांत करणे भाग आहे.

समजा मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर ८० सेंमी आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी वर आहे. ढोबळ हिशेबात अर्धी रुंदी ४० भागिले ६० असे गुणोत्तर निघते आणि उलटण्याचा कोन येतो सुमारे ३४ अंश. पण ट्रॅक्टरचा पुढचा कणा मधल्या एका खिळीवर डुलतो, त्यामुळे पुढची चाके आधार देत नाहीत. आधाराची जागा चौकोनी राहत नाही, त्रिकोणी होते : मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी. गुरुत्वमध्य मागच्या कण्यापासून एक तृतीयांश पुढे धरला, तर तिथे आधाराची अर्धी रुंदी ४० ऐवजी जेमतेम २७ सेंमी उरते आणि कोन येतो २४ अंश. हा उभ्या ट्रॅक्टरचा कोन झाला. वरच्या अंगाचे मागचे चाक १० सेंमीच्या खुंटावर चढले की त्यातले सात अंश गेले. वळणाचा झोक आणि पाठीवरच्या टाकीतले हलते पाणी उरलेल्यातून आणखी कापतात.

म्हणून आडव्या उतारावर दहा अंशांपुढे जाऊ नये, म्हणजे सहा फुटांत एक फूट. पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी आणि सहा फुटी पट्टी घेऊन हे घरच्या घरी मोजता येते. मागची चाके ८० वरून ११० सेंमीवर काढली तर तोच कोन २४ वरून ३१ अंशांवर जातो. म्हणून चाके आत-बाहेर सरकवता येतात असा ट्रॅक्टर पाहावा : फवारणीला ओळींत शिरताना आत, उतारावर गवत कापताना बाहेर. ज्याची रुंदी बदलत नाही असा अतिअरुंद ट्रॅक्टर सपाट आगरात चालेल, डोंगरउताराच्या काजूबागेत नाही.

ट्रॅक्टर मागेही उलटतो. लाकूड ओढताना दोर मागच्या कण्याच्या वर बांधला की ओंडका अडकताच पुढची चाके उचलली जातात, आणि सावरायला एक सेकंदही मिळत नाही. ओढ नेहमी ड्रॉबारलाच, कण्याच्या खालूनच घ्यायची. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने १९३० च्या दशकात रूढ केलेली तीन बिंदूंची जोडणी आज जगभरच्या ट्रॅक्टरांवर आहे. नांगर अडकला तर पुढची चाके उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जावीत हा तिच्या रचनेतला एक मोठा गुण. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली. आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरांवर ती सहसा नसते. घडी होणारी चौकट आणि पट्टा बसवण्याचा खर्च किमतीतच धरावा, कारण उतारावरच्या बागेत तो ट्रॅक्टरचाच भाग आहे. चौकट नसताना मात्र पट्टा बांधू नये.

४. मोठ्या ट्रॅक्टरचा मोह

जुन्या बाजारात ३५-४० एचपीचे ट्रॅक्टर मुबलक असतात, आणि बारा-पंधरा वर्षे वापरलेला मोठा ट्रॅक्टर अनेकदा चार वर्षांच्या छोट्याच्या भावात मिळतो. "एवढ्याच पैशांत दुप्पट ताकद" हे बोलणे कानाला गोड लागते. पण मोठा ट्रॅक्टर वजनदार असतो. आंबा-काजूची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, आणि ओल्या जमिनीवरून जड चाक गेले की माती दबून त्यांचा श्वास कोंडतो. बेड्यातून तो शिरत नाही, झाडाखाली वळत नाही आणि ७५ तासांच्या कामासाठी त्याची ताकद वापरलीही जात नाही.

छोटा ट्रॅक्टर घेतानाही तो कुठून आला ते विचारावे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातला अरुंद ट्रॅक्टर आपल्या कामाचा असतो, पण त्याने बहुतेक आयुष्य ब्लोअर फिरवण्यात काढलेले असते. त्याचा पीटीओ, क्लच आणि औषधांनी खाल्लेला पत्रा आधी पाहावा. उसाची ट्रॉली ओढलेल्या ट्रॅक्टरचे ब्रेक, क्लच आणि मागचा कणा पाहावा.

५. तपासणी

ट्रॅक्टर पाहायला सकाळी लवकर जावे आणि "आधी चालू करून ठेवू नका" असे आदल्या दिवशी सांगावे. पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे इंजिनाच्या हेडवर हात ठेवणे. गरम लागले तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि ते निवेपर्यंत थांबावे. दुखणे थंड इंजिनच खरे सांगते.

तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तेच दुखणे दुसऱ्या बाजूने दिसते. मग चालू करायला सांगावे. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात विरायला हवा. निळा धूर टिकला तर इंजिन तेल जाळते आहे. काळा टिकला तर हवेचा फिल्टर किंवा डिझेलचा पंप-नोझल पाहावा लागेल. इंजिन तापल्यावर तेल ओतायच्या तोंडाचे झाकण काढून तिथेच उलटे, सैल ठेवावे. जागच्या जागी थरथरले तर ठीक. आतल्या वाऱ्याने ते उडून पडत असेल तर रिंगा-बोअर झिजले आहेत आणि इंजिन काम जवळ आले आहे.

क्लचसाठी मोकळ्या जागेत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले तर क्लचप्लेट धरते आहे. ते चालूच राहिले तर प्लेट संपली आहे. लिफ्टला जड अवजार लावून वर उचलावे, इंजिन बंद करावे आणि अवजाराच्या उंचीला चाकावर खडूची रेघ मारावी. दहा मिनिटांत अवजार रेघेखाली बरेच उतरले तर सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. पीटीओच्या दांड्याचे दात बोटाने चाचपावेत. धारदार लागले तर ते झिजले आहेत.

एकट्या तासांच्या मीटरवर विसंबू नये, तो बदलतात. मीटरवर ९०० तास आणि पायाखालच्या पेडलचे रबर मात्र लोखंडापर्यंत घासलेले, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. पीटीओची ताकद, वजन, लिफ्टची क्षमता हे त्या मॉडेलचे आकडे तिच्या अहवालातून पाहावेत. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यांवर निवड करू नये.

६. सुटे भाग आणि कागद

सौदा करण्याआधी तालुक्याच्या दुकानात चार वस्तू विचाराव्यात : क्लचप्लेट, फिल्टर, वॉटर पंप, लिफ्टचे सील. "उद्या मिळेल" असे उत्तर आले तर मॉडेल चालेल. एचएमटीचे जुने २५ एचपीचे ट्रॅक्टर दणकट आहेत, पण त्यांचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे भाग आणि जुना मिस्त्री जवळ असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

कागदांत आरसी बुकावरचा चॅसिस आणि इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवर स्वतः खरवडून ताडावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर असेल तर एनओसीही. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरण कोण करणार ते लेखी ठरवावे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे अनेकांना ती घरी आल्यावर कळते.

७. किंमत

आता किमतीकडे. समजा एक ट्रॅक्टर १,५०,००० रुपयांना आहे, पण त्याला क्लच, मागचे दोन टायर आणि लिफ्टचे काम मिळून ६०,००० लागणार आहेत. दुसरा २,००,००० ला चालू स्थितीत आहे. कागदावर पहिला पन्नास हजारांनी स्वस्त. कामाला लागेपर्यंत तो दहा हजारांनी महाग.

आता २,००,००० चा ट्रॅक्टर आठ वर्षे वापरून १,००,००० ला विकला असे धरू. घसारा वर्षाला १२,५००. सरासरी दीड लाखावर ९ टक्क्यांनी व्याज १३,५००. दुरुस्ती १०,०००. एकूण ३६,००० रुपये, ट्रॅक्टर चालो वा न चालो. भाड्याने आणला तर तासाला ९०० धरू, आणि स्वतःचा चालवताना डिझेल-तेलाचे २४०. तासामागे वाचतात ६६०. भागाकार केला तर वर्षाला सुमारे ५५ तास काम असेल तरच स्वतःचा ट्रॅक्टर परवडतो. आपल्या बागेचे ७५ तास आहेत, म्हणून घ्यावा. एकच एकर असता आणि काम वीस-पंचवीस तासांचे असते, तर याच हिशेबाने भाड्याचा ट्रॅक्टर शहाणपणाचा ठरला असता, किंवा वाडीतल्या तिघा-चौघांनी मिळून एक घेणे.

हे आकडे प्रत्येकाने आपले घालावेत. रीत तीच राहील. आणि सौद्याची रक्कम हातात घेऊन निघण्याआधी पुन्हा एकदा ती बांबूची काठी घेऊन बागेतून फिरावे. चुन्याची प्रत्येक खूण म्हणजे एक फांदी, एक चिरा किंवा एक नाकारलेला ट्रॅक्टर आहे. त्यातले काय द्यायला आपण तयार आहोत हे तिथे, झाडाखाली उभे राहूनच ठरते.