कार्यस्वीकृती, पाटबंधाऱ्यांची
बांधून वा दुरुस्त करून पूर्ण झालेला पाट पाहणीनंतर लाभधारकांनी रीतसर ताब्यात घेणे. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर परिसरात, पांझरा नदीवरील परंपरागत फड पद्धतीत हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. बंधारा व पाट यांची निगा लाभधारकच राखीत. गाळ काढण्याचे काम त्यांच्याच श्रमाने होई व देखरेख त्यांच्याच पंचांची असे. पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या हेही त्यांनीच नेमलेले. काम नीट झाले की नाही, हे शेवटच्या शेतात पोहोचणारे पाणीच सांगे. वेगळ्या स्वीकृतिपत्राला तेथे फारसा अर्थ नव्हता. शासकीय कालव्यांवर मात्र बांधणारा एक व वापरणारा दुसरा, अशी फारकत झाली. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणी वापर संस्थेकडे कालव्याचा भाग सोपविण्यापूर्वी अधिकारी व संस्था यांनी संयुक्त पाहणी करावयाची असते. ही पाहणी कोरड्या पाटात उरकल्यास गळती दिसत नाही. पाणी सोडून, पुच्छभागापर्यंत चालत जाऊन ती करणे इष्ट. हस्तांतरणानंतर देखभालीचा भार संस्थेवर पडतो आणि नादुरुस्त दारे, फुटके अस्तर यांचा खर्चही मग सभासदांच्याच पाणीपट्टीतून भागवावा लागतो.