कोलारची खाण, जिनिव्हाचा बोगदा आणि न दिसणाऱ्या कणांची मोजदाद

१९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधक जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह एका खुणेच्या शोधात होते. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो खडकाशी भिडला, तर म्यूऑन हा कण मागे सोडतो. ती खूण त्या वर्षी सापडली.

पण न्यूट्रिनो खडकाशी भिडतो कसा? त्याला विद्युतभार नाही. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन त्याची दखलच घेत नाही. न्यूट्रिनोचा म्यूऑन घडतो तो डब्ल्यू या वाहकामुळे. फोटॉनला वस्तुमान नाही, म्हणून त्याचे बल दूरवर पोचते. डब्ल्यू मात्र प्रोटॉनहून ८५ पट जड. त्याची पोच प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी तोकडी. दुर्बल बलाचे दुर्बलपण ते हेच!

कोलारच्या त्या दिवसांत डब्ल्यू हे केवळ अनुमान होते. ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांच्या सिद्धांताने फोटॉन व डब्ल्यू यांना एकाच कुळात बसवले आणि झेड हा तिसरा, भाररहित वाहक मागितला. १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत दोन्ही सापडले.

खरी गंमत पुढे आहे. झेड जन्मताच विरतो. कधी त्याचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात, कधी क्वार्क, तर कधी न्यूट्रिनोंची जोडी, जी कोणत्याच शोधकाला दिसत नाही. तथापि विरण्याची प्रत्येक नवी वाट त्याचे आयुष्य घटवते. आणि आयुष्य जितके अल्प, तितके त्याच्या ऊर्जेच्या आलेखाचे शिखर रुंद. म्हणजे शिखराची रुंदी मोजली की अदृश्य न्यूट्रिनोंचे प्रकार मोजता येतात.

१९८९ मध्ये सर्नचे २७ किलोमीटर परिघाचे लेप हे त्वरणयंत्र सुरू झाले. त्यावरील चार प्रयोगांपैकी एल-३ मध्ये मुंबईचीच टाटा संस्था सहभागी होती. मोजमाप इतके सूक्ष्म, की चंद्राच्या ओढीने बोगद्याचा परिघ मिलिमीटरभर बदलला, तरी कणांची ऊर्जा ढळे. जवळून धावणाऱ्या विजेच्या आगगाड्यांचा जमिनीत झिरपलेला प्रवाहही हिशेबात धरावा लागला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिले निष्कर्ष जाहीर झाले: हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच. चारही प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आकडा आला २.९८४, त्रुटी ०.००८.