फास्ट फॅशन (पुणे शहर)

दर काही आठवड्यांनी नवे नमुने काढून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांचा व्यापार, आणि त्यातून रुजलेली कपडा थोडे दिवस वापरून टाकून देण्याची सवय. पुण्यात हे कपडे विमाननगरपासून कोथरूडपर्यंतच्या मॉलमध्ये आणि दुकानांत मिळतात, सर्वांत सहज मिळतात ते मोबाईलवर. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि कॅम्पातली फॅशन स्ट्रीट येथील खरेदी पूर्वी सणावाराला आणि लग्नसराईला बांधलेली असे. आता तिला हंगाम राहिलेला नाही.

२००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. निम्म्याहून अधिक धागा आज पॉलिस्टर, म्हणजे खनिज तेलापासून बनलेला असतो. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटून सांडपाण्यात जातात. पुण्यात ही वाट मुळा-मुठेकडे जाते. सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा आकडा नेहमी दिला जातो. तो जागतिक सरासरीचा आहे. विदर्भातील बहुतेक कापूस पावसावर वाढतो, त्यामुळे तेथे कीटकनाशके आणि शेतकऱ्याची जोखीम हे प्रश्न पाण्याहून मोठे ठरतात. रंगाई-धुलाईचा भार पुणेकराला दिसत नाही. तो इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीजवळ पंचगंगा सोसते.

टाकलेल्या कपड्याचे काय होते, हा या विषयाचा पुण्यातला गाभा आहे. असे कपडे पुन्हा वापरात आणण्याचे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या बोहारणींनी केले. दुपारी स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन त्या वाड्यांत आणि सोसायट्यांत येत. एका पातेल्यासाठी किती साड्या, किती पँटी, यावर लांबलचक घासाघीस चाले. जरीच्या साडीचा भाव निराळा. घेतलेले कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून, इस्त्री करून पुन्हा विकले जात. मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मजूर, विद्यार्थी आणि खेड्यांतून आलेली माणसे अशा बाजारांतून कपडे घेतात. अगदी विरलेले सुती कापड गॅरेजात तेल पुसायला जाई. घरात उरलेल्या नऊवारीची आणि धोतरांची धावदोऱ्याने गोधडी होई.

ही साखळी कापडाच्या टिकाऊपणावर उभी होती, आणि फास्ट फॅशनने नेमका तोच काढून घेतला. चार धुलाईत गोळे धरणारा, शिवणीत तिरका होणारा टॉप बोहारीण घेत नाही, कारण तो पुढे कोणी विकत घेणार नाही. पॉलिस्टर पुसायला सुती कापडाइतके सोयीचे नसते, म्हणून गॅरेजला नको. घाम शोषत नाही, म्हणून गोधडीला नको. कापूस, पॉलिस्टर आणि इलॅस्टेन एकत्र विणले की धागे वेगळे करणे अवघड होते. जगात टाकलेल्या कपड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी कापडापासून पुन्हा कपडे बनतात, त्याचे हे एक कारण. ‘पुनर्वापरित’ अशी चिठ्ठी लावलेले पॉलिस्टर बहुधा बाटल्यांपासून केलेले असते, जुन्या कपड्यांपासून नव्हे. हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

उरलेला भार कचरावेचकांवर येतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत (१९९३) या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून ती महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करते. तिच्या ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमात जुने कपडेही स्वतंत्र घेतले जातात. ओल्या कचऱ्यात भिजलेल्या कपड्याला मात्र ग्राहक नसतो, म्हणून जुना कपडा धुऊन, वाळवून वेगळा देणे आवश्यक असते.

शाश्वत खरेदीचा पुणेरी निकष यातूनच निघतो : हा कपडा माझ्यानंतर कोणी घालेल का? दुकानात शिवण उलटून पाहावी, शिवणीत दाब किती सोडला आहे ते बघावे, एकाच धाग्याचे कापड निवडावे. दाब असला तर शिंपी कपडा सैल करून देतो आणि त्याची वर्षे वाढतात. आहेराच्या साड्या आणि ओटीचे ब्लाऊजपीस यांचाही यात विचार हवा. घरोघरी फिरणारे हे कापड पुष्कळदा कोणीच शिवत नाही. ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ कित्येक लग्नपत्रिकांवर असते. ओटीसाठी मात्र अजून पॉलिस्टरचेच तुकडे गठ्ठ्याने विकले जातात, आणि त्यांऐवजी वापरता येईल असा सुती खण त्याच बाजारात मिळतो.