विशेष शिक्षक (प्राथमिक स्तर)

अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या बालकांना शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक. भारतात या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (कायदा 1992) मान्यता असलेली पदविका वा पदवी आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आल्या, आणि कामाचा पसारा वाढला.

कामाचा कणा म्हणजे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. ‘गणित सुधारणे’ असे उद्दिष्ट त्यात निरुपयोगी. ‘दहापर्यंतच्या वस्तू मोजून देणे’ हे उपयोगी, कारण ते तपासता येते. हात धुण्यासारखी कृतीही नळ उघडण्यापासून लहान टप्प्यांत फोडून शिकवली जाते. अंध मुलाला ब्रेल व टेलर फ्रेम, कर्णबधिराला सांकेतिक भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दैनंदिन कौशल्ये अशी साधने बदलतात. परीक्षेतील लेखनिक, जादा वेळ, पालकांचे समुपदेशन हेही त्याच्याकडेच. वैद्यकीय निदान मात्र त्याचे काम नव्हे. ते त्याचेच काम असल्याची अनेक पालकांची समजूत असते.

महाराष्ट्रात समग्र शिक्षा योजनेतील असे शिक्षक बहुधा एका शाळेत नसून गावोगाव फिरतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवतात. केंद्र सरकारने 2022मध्ये प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे 1 विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. फिरत्या शिक्षकाच्या वाट्याला मुलामागे येणारा वेळ पाहता ते कागदावरच अधिक शोभते.